धडक देणारा दात

प्रश्न : मुलगी ऑस्लोला असते. नातवाच्या नॉर्वेजियन पुस्तकात वॉलरसच्या सुळ्याला ‘स्टोट्टान’ म्हटलंय. हा शब्द कसा बनला?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, तुमच्या पत्रानं माझी सकाळ सोन्याची केली! ‘स्टोट’ म्हणजे धडक, ‘टान’ म्हणजे दात. ‘टान’ आणि आपला ‘दात’ एकाच मुळाचे, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मला खरा आनंद ‘स्टोट’चा. संस्कृतातला ‘तुद्’ धातू, म्हणजे ढकलणे, टोचणे, हा त्याचाच भाऊबंद. दोन्ही तुकडे आपल्या गोतातले निघाले! हत्तीच्या सुळ्यालाही नॉर्वेत हाच शब्द. खरं तर हत्तीचा तो पटाशीचा दात. वॉलरसचा मात्र अस्सल सुळा, बर्फात रोवून तो वर चढतो. नातवाला ‘तुदति’, म्हणजे ‘ढकलतो’, जरूर म्हणून दाखवा.