पंप काढायला अर्धा तास, तिथवर पोचायला अख्खा रविवार

प्रश्न : आमच्याकडे बाबांची १९९८ची मारुती झेन आहे, ती विकायचं नाव काढायची घरात कोणाची हिंमत नाही. मागच्या महिन्यात ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात तापमानाचा काटा एकदम वर गेला, आणि आता रोज सकाळी गाडीखाली ड्रायव्हरच्या बाजूला हिरवट पाणी सांडलेलं दिसतं. मेकॅनिक म्हणतो वॉटर पंप गेला, आणि सोबत टायमिंग बेल्ट पण बदलून घ्या. पंप पाण्याचा, त्यात बेल्ट कशाला? आम्हाला बनवून राहिलाय का तो? आणि मी नि धाकटा भाऊ मिळून घरीच केलं तर जमेल का? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : बनवत नाहीये हो तो, आधी हे सांगून टाकतो म्हणजे उगाच त्याच्याशी वाकडं नको. झेनचा पंप फिरतो अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणारा) बेल्टवर, पुली बाहेरून दिसते, म्हणून सगळ्यांना वाटतं की चार बोल्ट काढले की आला हातात. पण टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनचा खालचा दांडा क्रँक नि वरचा व्हॉल्व्ह उघडणारा दांडा कॅम, दोघांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा, पंपाचं धड त्याच्या कव्हरच्या मागे बसलंय आणि तो पट्टा ताणून धरणारा टेन्शनर मधे येतो, त्यामुळे क्रँकची पुली, कव्हर, टायमिंग बेल्ट, टेन्शनर एवढं सगळं उतरवल्याशिवाय पंप निघतच नाही. आता बेल्ट हातात आलाच आहे, त्यावर कूलंट, म्हणजे ते हिरवट पाणी, पण ठिबकलं असणार, तर तोच जुना परत चढवायचा नि वर्षभराने पुन्हा सगळं उघडायचं, याला काही अर्थ नाही. बेल्ट नि टेन्शनर दोन्ही नवे घ्या.

पण त्याआधी पंपच गेलाय याची खात्री करा. इंजिन पूर्ण गार असताना पंपाची पुली धरून हलवून बघा, खुळखुळली तर बेअरिंग संपलं. पंपाच्या दांड्याखाली एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमधे न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून, तिथे ओल किंवा वाळलेला हिरवा थर दिसला तर शंका नको. ते भोक एम-सीलने बुजवायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल, ऐकू नका. आणि भोक कोरडं असेल तर होज पाईप आणि त्यांच्या क्लिपा बघा, कारण वरच्या पाईपातून गळलेलं पाणी पण वाहत वाहत पंपावरूनच खाली येतं आणि बिचाऱ्या पंपाचं नाव होतं.

घरी जमेल का? पाने धरायची सवय असेल नि सोमवारी ऑफिसला दुसऱ्या गाडीने जाता येत असेल तर जमेल. घाई असेल तर नका करू.

गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना विटा, ड्रायव्हरकडचं पुढचं चाक काढायचं आणि गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवायची, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. बॅटरीची वायर काढा. कूलंट गार असतानाच घमेल्यात काढा आणि लगेच झाकून ठेवा, चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं पितात आणि मरतात, ही गोष्ट लोक फार हलकी घेतात.

बेल्ट काढायच्या आधी कॅम आणि क्रँक दोन्हीच्या खुणा जुळवा, मोबाइलने फोटो काढा, आणि वरून पांढऱ्या रंगाचे ठिपके पण द्या कारण ग्रीसच्या हाताने फोटो बघायला गेलं की स्क्रीन चालत नाही. नवा बेल्ट चढवून टेन्शनर बसला की पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा परत जुळतात का बघायचं. फिरवताना कुठे अडलं तर जोर करू नका, थांबा, बेल्टचा एखादा दात चुकलाय. स्टार्टर मारून बघू म्हणणारा भाऊ असेल तर चावी आईकडे द्या.

आता माझी फजिती. पहिल्यांदा केलं तेव्हा पंप बसवला, जुना गॅस्केट नीट खरवडून, सगळं चकाचक, आणि पाणी भरलं तर परत गळती. पंप आणि हेडच्या (इंजिनचा वरचा भाग) मधे एक छोटं रबर सील असतं, तसंच खाली ऑइल पंपाच्या बाजूला पण, ती जुन्या पंपाला चिकटून गेली होती आणि नव्याच्या खोक्यात नव्हतीच, आणि जुना पंप मी मोठ्या ऐटीत भंगारवाल्याला देऊन बसलो होतो. तर छोटी ग्वालटोलीत पार्ट घ्यायला जाल तेव्हा गॅस्केटसोबत ही सिलं वेगळी मागून घ्या. इंजिन अॅल्युमिनियमचं आहे, बोल्ट छोटे आहेत, लांब पान्याने आवळले की आटे गेलेच समजा.

शेवटी हवा काढायची. हीटर पूर्ण गरमवर, रेडिएटरची कॅप उघडी, गार इंजिन सुरू करून उभं ठेवा, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) उघडला की वरचा पाईप गरम होतो आणि पातळी खाली बसते, मग भरत जा. बुडबुडे थांबले की कॅप लावा. एकदा लावली की इंजिन गार होईपर्यंत मात्र कॅपला हात नको, दाबाखालचं पाणी १०० अंशाच्या वर गेलं तरी उकळत नाही, पण कॅप उघडली की थेट तोंडावर येतं.

आणि तेलाच्या झाकणाखाली ताकासारखं पांढरं काही दिसलं तर हे सगळं राहू द्या, घाटात तापली तेव्हा हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं, गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा.

प्रश्न : कूलंट संपलं तर नळाचं पाणी टाकलं तर चालतं का? नर्मदेचं आहे, बोरचं नाही. (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : रस्त्यात अडकलात तर बिसलेरी, नर्मदा, काहीही टाका आणि घरी या. रोजच्यासाठी नाही. नर्मदाकाठच्या जलूदहून ७० किलोमीटर पंपांनी चढवून आणलेलं पाणी पवित्र असेल, पण त्यात पण क्षार आहेतच, केटलीच्या बुडाला बघा. बोरचं तर विचारूच नका. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, बॅटरीत टाकतात तेच पाणी, पण बॅटरीचं अॅसिड नव्हे, दुकानात दोन्ही कॅन शेजारी ठेवलेले असतात म्हणून सांगतो.