मुलाच्या बॅगेत गांजा सापडला: आधी वजन विचारा

"मॅडम, दहा वर्षं आत टाकतील का हो त्याला?" आईचा पहिला प्रश्न हाच होता. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, पुण्यात मित्राबरोबर भाड्याच्या खोलीत राहणारा. त्याच्या बॅगेत 140 ग्रॅम गांजा मिळाला आणि मित्राच्या कपाटात सव्वा किलो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

दहा वर्षांचा आकडा कुण्या नातेवाइकाने फोनवर सांगितला होता. तो खरा की खोटा हे पदार्थ कोणता आणि पंचनाम्यात वजन किती लिहिलंय, यावर ठरतं. 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात 1 किलोच्या आतला गांजा म्हणजे अल्प प्रमाण. त्याला एक वर्षापर्यंत कैद, 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 20 किलोच्या वर व्यापारी प्रमाण: किमान दहा वर्षं, आणि कलम 37 मुळे जामीन फार अवघड. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. एमडीचं (मेफेड्रोन या पावडरीचं) गणित वेगळं आहे. तिथे अल्प प्रमाण 2 ग्रॅमपर्यंत आणि 50 ग्रॅमच्या पुढे व्यापारी. शिवाय भेसळीसकट पूर्ण वजन धरतात, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. "चिमूटभरच तर पावडर होती" यावर विसंबू नका.

आईने आणलेल्या एफआयआरमध्ये खरी अडचण कलम 29 ची होती. म्हणजे दोघांनी संगनमत केलं असा आरोप. तो टिकला तर मित्राचा सव्वा किलो याच्याही नावावर चढतो, अल्प प्रमाणाचा खटला मधल्या गटात जातो आणि मॅजिस्ट्रेटऐवजी विशेष न्यायालयात चालतो. त्यामुळे वकिलाचं पहिलं काम ठरलं: कपाट कुणाचं, किल्ली कुणाकडे, त्यात काय आहे हे याला माहीत होतं का, हे दाखवून दोघांचे ताबे वेगळे करणं.

घरचे मात्र भलत्याच मुद्द्यावर आशा लावून बसले होते. झडतीला राजपत्रित अधिकारी नव्हता, म्हणजे सुटलाच! पण ही अट ज्यात आहे ते कलम 50 अंगझडतीला लागतं, बॅगेच्या झडतीला नाही. त्यापेक्षा नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढले का (कलम 52अ), वजन करताना पानं आणि बिया धरल्या का, हे तपासण्यासारखं. कायद्याने गांजा म्हणजे झाडाचे फुलं किंवा फळं आलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पानं नि बिया त्यात येत नाहीत. मित्राच्या सव्वा किलोत हा मुद्दा मोठाच.

मोठ्या भावाने मोबाइलमधले चॅट पुसायची तयारी केली होती. ते तातडीने थांबवावं लागलं. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि पुसलेले चॅट बऱ्याचदा परत मिळतातच.

वकील शोधताना पोलीस ठाण्याबाहेर भेटलेल्या मध्यस्थाला पैसे देऊ नका. "जामीन झाला तरच फी" असं ठरवायला बार कौन्सिलचे नियम परवानगी देत नाहीत. "जामीन नक्की मिळवून देतो" म्हणणाऱ्या वकिलापासून तर लांबच राहा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर वकिलाच्या नावाने शोध घेतला की त्याच न्यायालयात त्यांच्या किती केसेस आहेत ते दिसतं. भेटीत थेट विचारा: एनडीपीएसचे जामीन अर्ज चालवलेत का, तारखेला स्वतः उभे राहणार की ज्युनिअर, रिमांड, जामीन आणि खटला यांची फी वेगवेगळी किती. पावती मागा. सोबत एफआयआर, रिमांड अर्ज आणि जप्ती पंचनाम्याची प्रत न्या. मुलगा तुरुंगात असेल तर वकीलपत्रावरची त्याची सही तुरुंग अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावी लागते. त्यात एखादा दिवस सहज जातो. पैसे नसतील तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा 15100 वर फोन लावा.

आईचा शेवटचा प्रश्न व्यसनमुक्तीचा. कलम 64अ मध्ये, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात व्यसनी माणूस सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी आपणहून पूर्ण उपचार घेत असेल, तर खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊही शकतं. कलम 29 डोक्यावर असताना हा अर्ज करायची घाई वकिलांनी करू दिली नाही, आणि ते योग्यच होतं. कारण आधी केस अल्प प्रमाणात यायला हवी. जामीन मिळाल्यावर उपचार मात्र लगेच सुरू झाले. प्रत्येक भेटीचा कागद फाइलला लावून त्याची प्रत वकिलांकडे जाते.