गाडी स्वतः चालत असेल तर पिऊन बसलं तरी केस होईल का?

ते गाडी कुठल्या लेव्हलची आहे, म्हणजे ती कितपत स्वतः चालते, त्यावर आहे. आज लोक विकत घेतात त्या अशा गाड्या बहुतेक लेव्हल २, म्हणजे स्टिअरिंग-ब्रेक गाडी सांभाळते पण लक्ष तुम्हीच ठेवायचं, त्यामुळे ड्रायव्हर तुम्हीच आणि प्यायला असाल तर केस होणारच. लेव्हल ३ मध्येही गाडी मध्येच "आता तुम्ही घ्या" म्हणते, तेव्हा डुलक्या काढत असाल तर काय घेणार, कप्पाळ! ब्रिटनच्या २०२४ च्या कायद्यातही अशा गाडीच्या ड्रायव्हर सीटवरचा माणूस गाडी चालवण्याच्या स्थितीत हवाच. ड्रायव्हर नसलेल्या रोबोटॅक्सीत मागे बसलात तर तुम्ही नुसते पॅसेंजर. खरी गोची स्वतःच्या लेव्हल ४ गाडीची, म्हणजे जी ठरलेल्या भागात तुमच्या मदतीशिवाय चालते तिची, कारण अमेरिकेत बऱ्याच राज्यांत गाडी उभी असली, चावी हाताशी असली तरी प्यायलेल्या माणसावर गुन्हा लागू शकतो.