व्हिएतनाममधील ह्युए शहराचा इतिहास मोटारसायकलवरून एका दिवसात पाहता येतो का?

येतो, मात्र सगळेच पाहण्याचा हट्ट सोडावा लागेल. १८०२ ते १९४५ या काळात न्गुयेन घराण्याची राजधानी असलेल्या ह्युएमधील तटबंदीच्या आतला राजवाडा पायीच पाहावा लागतो, आणि १९४७ व १९६८ च्या लढायांत त्यातील बऱ्याच इमारती नष्ट झाल्याने तिथे मोकळ्या जागाही पुष्कळ दिसतात.

मोटारसायकलचा खरा उपयोग होतो तो शहराच्या दक्षिणेला विखुरलेल्या सम्राटांच्या समाध्यांसाठी. सम्राट तू दुक याने हयातीतच बांधवून घेतलेल्या समाधीच्या आवारात तळे आणि त्याच्या काठी लाकडी मंडप असून सम्राट तिथे विश्रांतीला येत असे. याउलट १९२० ते १९३१ या काळात बांधलेली खाई दिन्ह याची समाधी बाहेरून काळवंडलेल्या काँक्रीटची, पण आतल्या भिंती चिनी मातीच्या व काचेच्या रंगीत तुकड्यांनी मढवलेल्या आहेत. माझ्या मते वेळ कमी असल्यास हीच निवडावी. तू दुकच्या समाधीजवळच्या थुई शुआन गावात रस्त्याकडेला लाल-पिवळ्या उदबत्त्यांच्या जुड्या फुलांसारख्या पसरून ठेवलेल्या दिसतात.

परतताना नदीकाठच्या थिएन मू पॅगोडात थांबावे. १९६३ मध्ये सायगॉनमध्ये (आजचे हो ची मिन्ह सिटी) आत्मदहन करणारे भिक्खू थिच क्वांग दुक ज्या ऑस्टिन मोटारीतून गेले, ती तिथे ठेवली आहे.

वाहतूक उजव्या बाजूने चालते आणि हेल्मेट सक्तीचे आहे, त्यामुळे सवय नसल्यास स्थानिक चालकाच्या मागे बसणेच श्रेयस्कर.