बॅनर छापायच्या आधी खिडकीवर जाऊन बस

बाय,

मेसेज वाचला. झुवारीनगरच्या वस्तीत मुलींसाठी लैंगिक आरोग्याचं शिबिर घ्यायचंय म्हणतेस, घे की, पण त्याआधी एक सकाळ सरकारी दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीपाशी नुसती बसून ये. आत सगळं फुकट असतं, निरोध, गोळ्या, एचआयव्हीची टेस्ट, पण खिडकीवर मोठ्याने विचारतात काय होतंय, लग्न झालंय का, आणि मागे लाईनीत शेजारची मावशी उभी, मग पोरगी "ताप आहे" म्हणते नि पॅरासिटामॉल घेऊन घरी. गोवा केवढा तो, इथे सकाळचं बोलणं दुपारी घरी पोचलेलं असतं! म्हणून माहिती देण्याआधी त्या खिडकीचं काहीतरी कर. २०१४ पासून किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, १० ते १९ वयासाठी, त्यात पोरापोरींशी वेगळं बोलायची सोय धरलेली आहे, तुमच्या भागात ती कुठल्या वारी कधी असते ते नर्सबाईंना विचार, भांडू नको हां, त्याही दमलेल्या असतात. पहिल्या खेपेला पोरीबरोबर तू जा.

कायदा मात्र पाठ हवा. १८ पूर्ण झालेली असेल तर गर्भपाताला तिची एकटीची सही पुरते, नवऱ्याची नको, आईची नको, आणि लग्न झालेलं नसलं तरी चालतं, गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर प्रश्नच नाही. १८ च्या खाली असेल तर पालकाची सही लागते आणि पॉक्सोमुळे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यामुळे, पोलिसांना कळवावंच लागतं, पण २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मुलीने आणि पालकांनी म्हटलं तर डॉक्टरने तिचं नाव उघड करायची गरज नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. पण नाव लपलं तरी पोलिसांना कळवणं चुकत नाही, म्हणून "कुणालाच सांगणार नाही" असा शब्द कुठल्याही पोरीला देऊन बसू नको.

गोळ्यांचा घोळ तर विचारू नको. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची ती वेगळी, फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळते, दिवस राहिल्यावर तिचा उपयोग नाही. गर्भपाताची वेगळी, ती डॉक्टरशिवाय घ्यायची नाही. दोन्ही पाकिटं हातात धरून दाखव, पोरांनाही दाखव, आणायला बहुतेक वेळा तेच जातात.

आणि हो, वस्तीत कितीतरी घरांत कन्नड बोलतात, तिथे धाकट्या भावाला मध्ये घालून पाळीचं विचारू नको, कन्नड येणारी एखादी बाई आधी शोध, मग तारीख ठरवू.

तुझी ताई