बंद सोर्सचा प्रोग्रॅम लिनक्सवर कसा पोचवावा?

प्रश्न : मी किराणा दुकानांसाठी बिलिंगचा प्रोग्रॅम विकतो. सी++ मध्ये, क्यूटी ही खिडक्या-बटणांची लायब्ररी वापरून लिहिलाय; सोर्स (मूळ कोड) द्यायचा नाही. माझ्या उबुंटू २४.०४ वर नीट चालतो; २०.०४ वाल्या गिऱ्हाइकाकडे 'जीलिबसी २.३८ सापडत नाही' म्हणून उघडतच नाही. प्रत्येक लिनक्ससाठी वेगळं पॅकेज करू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मुळीच नको, त्यात आयुष्य जाईल. सोर्स खुला असता तर डेबियन, फेडोराच्या लोकांनी तो आपापल्याकडे कंपाइल केला असता. तुमचा बंद आहे, म्हणून हे काम तुमच्याच गळ्यात.

जीलिबसी म्हणजे लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रॅमना लागणारी सी भाषेची मूळ लायब्ररी. तिच्या जुन्या आवृत्तीवर बनवलेले प्रोग्रॅम पुढच्या आवृत्त्यांत चालतात, उलटं होत नाही. २०.०४ मध्ये ती २.३१ आहे, तुमच्याकडे २.३९. बायनरीवर (कंपाइल झालेल्या फाइलवर) 'objdump -T' ही कमांड चालवून बघा, ती कुठल्या आवृत्तीची फंक्शनं मागते ते दिसेल. तुम्ही साधं 'स्ट्रटॉल' (मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन) लिहिलेलं असतं, पण नव्या जीलिबसीच्या हेडर फाइलमुळे त्याच्या जागी २.३८ मध्ये आलेलं फंक्शन जोडलं जातं. तुमचा कोड बरोबरच आहे. फक्त बिल्ड जुन्या सिस्टिमवर करा. अल्मालिनक्स ८ या जुन्या लिनक्सचा कंटेनर (तुमच्याच मशीनवर वेगळं चालणारं बंदिस्त वातावरण) घ्या, तिथे जीलिबसी २.२८ आहे.

क्यूटीच्या लायब्ररी सोबत द्या, पण जीलिबसी आणि ग्राफिक्स ड्रायव्हर कधीही देऊ नका. क्यूटी डायनॅमिक लिंक करा (प्रोग्रॅममध्ये मिसळू नका, वेगळ्या फाइलींत ठेवा), म्हणजे एलजीपीएल या तिच्या मोफत परवान्याच्या अटी पाळणं सोपं जातं. विक्रीच्या आलेखांसाठी क्यूटी चार्ट्स वापरलं असेल तर मात्र थांबा! त्याचा मोफत परवाना जीपीएल आहे, त्यात तुमचाही सोर्स खुला करावा लागतो; बंद सोर्सला तो चालणार नाही. पैसे भरून व्यावसायिक परवाना घ्या, नाहीतर आलेख दुसऱ्या लायब्ररीतून काढा.

पॅकेजच्या प्रकारांपैकी माझं मत ॲपइमेजच्या बाजूने. प्रोग्रॅम आणि त्याच्या लायब्ररी मिळून एकच फाइल, पेनड्राइव्हवरून देता येते. फ्लॅटपॅक हा दुसरा प्रकार चांगला आहे, पण पहिल्यांदा शेकडो एमबींचा रनटाइम (सामायिक लायब्ररींचा संच) उतरवावा लागतो. दुकानातल्या मोबाइल हॉटस्पॉटवर तो त्रास कशाला? तिसरा प्रकार स्नॅप, तो लिनक्स मिंटने २०२० पासून बंदच ठेवलाय. ॲपइमेज बनवताना नवा स्टॅटिक रनटाइम (इथे, ती फाइल सुरू करणारा तिच्यातलाच छोटा भाग) वापरा. जुन्याला लिबफ्यूज२ हे वेगळं पॅकेज लागतं आणि उबुंटू २२.०४ पासून ते आधीपासून बसवलेलं नसतं.

शेवटी कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर बिल छापून बघाच. क्यूटीचं छपाईचं प्लगइन प्रोग्रॅम चालू असताना लोड होतं, त्यामुळे लागणाऱ्या लायब्ररी दाखवणाऱ्या 'एलडीडी' कमांडच्या यादीत दिसत नाही. ते राहिलं तर प्रोग्रॅम व्यवस्थित उघडतो, पण कप्समध्ये (लिनक्सच्या छपाई व्यवस्थेत) जोडलेला प्रिंटर दिसत नाही. 'प्रिंटसपोर्ट' फोल्डर पॅकेजमध्ये आलंय ना, हे स्वतः उघडून तपासा.