मिरजेचा तानपुरा आणि डॉलरमधलं बिल

प्रश्न : मी नाशिकला गाण्याचे क्लास घेते. मिरजेच्या एका वाद्य बनवणाऱ्यांच्या वेबसाइटवर तानपुरा पसंत पडला. किंमत ४२० डॉलर लिहिली होती, रुपयांत पैसे भरायची सोयच नव्हती. माझं क्रेडिट कार्ड आधी चाललं नाही. बँकेच्या ॲपमध्ये ‘इंटरनॅशनल’ सुरू केल्यावर ओटीपी न येताच पैसे गेले. ८५ रुपये भाव धरून मी ३५,७०० रुपयांचा हिशेब केला होता, स्टेटमेंटवर ३७,४३६ रुपये ८२ पैसे लागले. तानपुरा आला तो भोपळ्याला तडा गेलेला. विक्रेत्यांनी तो परत घेतला आणि ४२० डॉलर परत केले. कार्डावर मात्र ३५,६५८ रुपयेच जमा झाले. बँक म्हणते विक्रेत्याला विचारा, विक्रेते म्हणतात आम्ही सगळे पैसे दिले. आता ते दुसरा तानपुरा ४०० डॉलरला देतो म्हणतात, पण पैसे त्यांच्या न्यू जर्सीतल्या पुतण्याच्या खात्यावर ‘भेट’ लिहून पाठवायचे. त्यात एका विद्यार्थिनीचे वडील म्हणाले, हा फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा गुन्हा आहे, ईडीची नोटीस येईल. मी काय करू?

उत्तर : ताई, पुतण्याच्या खात्यावर पैसे पाठवू नका. बाकीचं सावकाश बोलू.

आधी ईडीची भीती काढून टाकू. त्या गृहस्थांच्या डोक्यात बहुधा जुना १९७३ चा फेरा कायदा असावा. परकीय चलनावरून माणूस तुरुंगात जायचा तो त्या काळात. त्याच्या जागी १९९९ चा फेमा आला आणि १ जून २००० पासून लागू झाला. या कायद्यातला नियमभंग मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे, म्हणजे तुमच्यासारख्या व्यवहारात विषय निघालाच तर दंडाचा निघतो. बरं, तुम्ही डॉलर कुणाच्या हातात ठेवले नाहीत. बँकेने दिलेल्या कार्डाने, बँकेच्या यंत्रणेतून, खऱ्या वस्तूसाठी, रुपयांत बिल भरून पैसे दिलेत. कार्डावरच्या अशा खरेदीसाठी ग्राहकाला नोटीस आलेली मी माझ्या वकिलीत पाहिलेली नाही.

पण त्या वडिलांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. भारतात राहणाऱ्या माणसाने भारतातच राहणाऱ्या माणसाला देणं द्यायचं ते रुपयांत, हे फेमामागचं साधं सूत्र. अपवाद आहेत, विमानतळावरच्या ड्यूटी फ्री दुकानात डॉलर चालतात ते त्यातलेच. नाशिकच्या बाईने मिरजेचा तानपुरा घेणं हा काही अपवाद नव्हे.

हा प्रश्न देशात एकदा चांगलाच गाजलाय. इंटरनेटवर कार्ड वापरताना ओटीपीसारखी दुसरी खातरजमा रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. मग काही कंपन्यांनी पळवाट शोधली. गिऱ्हाईक भारतातलं, सेवा भारतातली, पण पैसे गोळा करणारी बँक परदेशातली. म्हणजे व्यवहार दिसायला परदेशी, आणि ओटीपीची कटकट नाही. टॅक्सी व्यवसायातल्या संघटनांनी उबरबद्दल हीच तक्रार केली होती. २२ ऑगस्ट २०१४ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं. त्यात नाव कुणाचंच नव्हतं, पण भाषा कडक होती. भारतातल्या कार्डाने भारतातल्याच विक्रेत्याकडून वस्तू किंवा सेवा घेतली, तर पैसे भारतातल्या बँकेमार्फतच गोळा झाले पाहिजेत आणि हिशेब भारतीय रुपयांतच पुरा झाला पाहिजे. मुदत दिली ३१ ऑक्टोबर २०१४ ची. नोव्हेंबरमध्ये उबरने भारतात पेटीएमचं वॉलेट आणलं, ते या रेट्यातूनच. परिपत्रकाचा रोख पैसे गोळा करणाऱ्यांवर होता, कार्ड खिशात असलेल्या माणसावर नव्हता, एवढं तुमच्यासाठी लक्षात ठेवा.

तुम्ही जोडलेलं स्टेटमेंट मी भिंगाखाली धरल्यासारखं वाचलं. दुकानाच्या नावापुढे मिरज नाही, ‘यूएस’ छापलंय. पार्सलवरच्या चिठ्ठीत पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र मिरजेचा. म्हणजे वाद्य सांगली जिल्ह्यातून निघालं आणि पैसे अमेरिकेला जाऊन आले. तुमचं कार्ड आधी अडलं तीच खरी खूण होती. जानेवारी २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशानंतर नवं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतं, ते ग्राहकाने स्वतः सुरू करावं लागतं. मिरजेच्या दुकानासाठी ‘इंटरनॅशनल’ सुरू करावं लागतंय म्हटल्यावर हात तिथेच थांबायला हवा होता. असो, तानपुऱ्याचा फोटो समोर असताना कोण थांबतं?

विक्रेत्यांना मी लगेच लबाड म्हणणार नाही. मिरजेची वाद्यं परदेशातल्या मराठी घरांत पिढ्यानपिढ्या जातात. बहुतेक पुतण्याने तिकडे बसून, तिकडच्या खात्याला जोडून वेबसाइट करून दिली असेल आणि काकांना तिच्यात रुपया कसा घालायचा हे माहीत नसेल. परदेशी गिऱ्हाइकाला डॉलरमध्ये भाव सांगणं गैर नाहीच. उद्या तुमचा अमेरिकेतला भाऊ तिकडच्या कार्डाने तुमच्यासाठी तानपुरा घेईल आणि ते डॉलर बँकेतून मिरजेच्या खात्यात येतील, तर कुणी हरकत घेणार नाही. गडबड झाली ती देशी गिऱ्हाइकालाही त्याच दारातून आत घेतल्याने.

आता पैशांचं. तुमचे १,७७८ रुपये ८२ पैसे कुठे गेले ते बघू. कार्डाचा डॉलरचा भाव त्या दिवशी ८५.६० लागला, म्हणून मूळ रक्कम ३५,९५२ झाली. त्यावर बँकेने परकीय चलनाचं साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परदेशी व्यवहाराचं जादा शुल्क लावलं, १,२५८ रुपये ३२ पैसे. त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, २२६ रुपये ५० पैसे. परताव्याच्या दिवशी भाव ८४.९० होता, म्हणून ३५,६५८ आले. म्हणजे २९४ रुपये भावाच्या चढउतारात गेले आणि १,४८४ रुपये ८२ पैसे मार्कअप व त्यावरच्या करात.

बँकेकडून हे हक्काने मिळणं कठीण आहे. मार्कअप कार्डाच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं, आणि बँकेच्या पडद्यावर विक्रेता अमेरिकेचा दिसत होता. अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर जबाबदारी नाही, हा २०१७ चा नियम तुम्ही वाचला असेल. तो इथे लावू नका. पैसे तुम्हीच दिलेत, उगाच फसवणुकीची तक्रार कराल तर अंगलट येईल. तरी खरेदी पूर्ण रद्द झाल्याचं लिहून मार्कअप परत मागायला हरकत नाही, काही वेळा बँका सौजन्य म्हणून देतात. त्याच पत्रात विक्रेता मिरजेचा असूनही व्यवहार परदेशी म्हणून आल्याचं लेखी कळवा आणि पोच घ्या. तुम्ही काही लपवलं नाही, याचा तो कागद राहील.

खरा दावा विक्रेत्यावर. तडा गेलेला भोपळा म्हणजे सदोष माल, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाबद्दल किंमत परत मिळण्यापलीकडे नुकसानभरपाईही मागता येते. ‘४२० डॉलर घेतले, ४२० दिले’ हे त्यांचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं, पण तुमच्या खिशातून रुपये गेले होते, डॉलर नाही. शिवाय ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे वस्तूची एकूण किंमत, सगळे आकार धरून, एका आकड्यात दाखवायची असते. देशातल्या गिऱ्हाइकाला रुपयाचा पर्याय न देता डॉलरचा आकडा दाखवायचा आणि वरचा भुर्दंड त्याच्यावर सोडायचा, हे त्या नियमाच्या हेतूशी जुळत नाही, असं मी ग्राहक आयोगापुढे मांडेन.

पण १,७७९ रुपयांसाठी लगेच जिल्हा आयोगात जा, असं मी सांगणार नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, तक्रार तुम्ही राहता त्या नाशिकलाच करता येते आणि दोन वर्षांची मुदत आहे. सगळं खरं, पण तारखा लागतात आणि क्लास बुडतात. आधी ईमेल पाठवा, एवढाच :

‘आपल्याकडून आलेला तानपुरा सदोष असल्याने आपण परत घेतला. आपल्या वेबसाइटवर रुपयांचा पर्याय नसल्याने मला ३७,४३६.८२ रुपये भरावे लागले, परत ३५,६५८ मिळाले. फरकाचे १,७७८.८२ रुपये पंधरा दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. स्टेटमेंटची दोन पानं जोडली आहेत.’

आवाज चढवू नका, कायद्याची कलमं टाकू नका. कलमं वाचून सरळ माणूसही वकील गाठतो. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेवढ्याने पुष्कळ प्रकरणं मिटतात.

आता पुतण्या. पहिला व्यवहार अडाणीपणाचा होता, हा जाणूनबुजून केलेला होईल, म्हणून मी इतका हट्टाने नाही म्हणतोय. परदेशी पैसे पाठवताना बँक कारण विचारते आणि तुमच्याकडून सही घेते की यात फेमाचा भंग नाही. तिथे ‘भेट’ लिहिलंत तर खोटं कारण तुमच्या सहीने लिहिलं जाईल. परदेशात राहणाऱ्याला पैसे देणं फेमाच्या कलम ३ मध्ये परवानगीच्या चौकटीतच बसावं लागतं. तिथल्या माणसाला खरोखर भेट द्यायला ती चौकट आहे. मिरजेतल्या मालाची किंमत न्यू जर्सीत चुकती करायला नाही. कलम १३ खाली दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. वीस डॉलरच्या सवलतीसाठी बाराशे डॉलरचा धोका, आणि तोही विक्रेत्यांच्या नाही, तुमच्या नावावर.

आणि समजा कुणी विचारलंच नाही. तानपुरा आला, पुन्हा भोपळा फुटलेला. मग तुम्ही आयोगात काय दाखवणार? बँकेचा कागद सांगेल की तुम्ही एका तरुणाला चारशे डॉलर भेट दिलेत. मोबदला दिला तरच ग्राहक. भेट देणारा माणूस ग्राहक होत नाही. आज १,७७९ रुपयांसाठी ज्या कागदांवर आपण उभे आहोत, तेच तुम्ही स्वतःच्या हाताने फाडून टाकाल.

विक्रेते ‘पेपालवरून पाठवा’ असंही सुचवतील कदाचित. १ एप्रिल २०२१ पासून पेपालने भारतातल्या भारतात पैसे देण्याघेण्याची सेवा बंद केलीय, त्यामुळे तो रस्ताही फिरून परदेशातच जातो.

तानपुरा त्यांचाच हवा असेल तर सरळ मिरजेला फोन लावा. म्हणावं, काका, रुपयांत भाव सांगा, तुमच्या इथल्या खात्याचा नंबर द्या, यूपीआय नाहीतर एनईएफटीने पैसे टाकते, आणि मिरजेच्या पत्त्याची पावती द्या. जुने १,७७९ त्यातून वळते करून घ्यायची सूचना तिथेच करा, नवा सौदा होताना जुना हिशेब लवकर मिटतो. त्यांना रुपयांत पैसे घ्यायचेच नसतील, तर मात्र वाद्य दुसरीकडून घ्या, मिरजेत कारागिरांची कमतरता नाही. माल आला की पेटी उघडतानाचा व्हिडिओ काढा, भोपळ्याच्या मागची बाजू आधी. तडा तिथेच जातो आणि समोरून दिसत नाही.

आणि हो, ॲपमधलं ते ‘इंटरनॅशनल’ अजून सुरूच असेल. आज बंद करा.